हॉगार्थ भगिनींच्या दुकानाचे कार्ड

इ. स. १७३० च्या सुमारास लंडन शहरातील मेरी हॉगार्थ व अ‍ॅन हॉगार्थ या दोन बहिणींनी आपल्या कपड्यांच्या दुकानासाठी एक कार्ड छापून घेतले. इंग्लंडच्या राजघराण्याचे चिन्ह, दुकानाच्या अंतर्भागाचा देखावा आणि काही ओळींचा मजकूर, एवढीच त्याची सामग्री. मजकुराचा आशय असा : लाँग वॉकच्या कोपऱ्यावरचे, क्लॉइस्टर्ससमोरचे जुने फ्रॉकचे दुकान तेथून उठून लिटल ब्रिटनच्या दरवाजालगत ‘किंग्ज आर्म्स’ येथे आले आहे, तेथे उत्तम व अत्यंत फॅशनेबल असे तयार फ्रॉक मिळतात, फश्चन, टिकन व हॉलंड या कापडांचे पोशाख, पट्ट्यांच्या डिमिटीची व फ्लॅनेलची वेस्टकोटे, निळे फ्रॉक, कॅनव्हासचे फ्रॉक आणि ब्लूकोट मुलांच्या विजारी मिळतात, शिवाय हीच कापडे ताग्यांनी, घाऊक व किरकोळ, वाजवी दराने विकली जातात.

अठराव्या शतकातील लंडनच्या व्यापाऱ्यांची अशी सहस्रावधी कार्डे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सेरा सोफिया बँक्स हिने जमविलेला संग्रह तेथे १८१८ साली आला, आणि सर अँब्रोझ हील यांचा संग्रह १९५९ साली. हील हे स्वतः टॉटनहॅम कोर्ट रोडवरील फर्निचरच्या प्रसिद्ध दुकानाचे मालक. १९२५ साली त्यांनी या कार्डांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात दुकानदाराची नजर जागोजाग दिसते. या अफाट राशीतून हॉगार्थ भगिनींचेच कार्ड निवडण्याचे कारण त्यांच्या आडनावात आहे. विल्यम हॉगार्थ हा इंग्रजी चित्रकलेतील अग्रगण्य पुरुष त्यांचा वडील भाऊ, आणि हे कार्ड त्यानेच रचले असे परंपरेने मानले जाते. या श्रेयाबद्दल शंका घेणारेही अभ्यासक आहेत. हॉगार्थच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाला बाजारात जी किंमत आली, तिच्यामुळे कोणाही कारागिराने कोरलेले जुने कार्ड त्याच्या नावावर खपविण्याचा मोह पुष्कळांना झाला, हे त्या शंकेमागचे सबळ कारण आहे. तथापि हात कोणाचा हा प्रश्न बाजूस ठेवला तरी कार्डाचे महत्त्व उणावत नाही. दोन अविवाहित स्त्रिया स्वतःच्या नावाने कपड्यांचा धंदा करीत असता, आपल्या दुकानाची ओळख कागदावर कशी मांडावी हे त्यांना ठरवावे लागले, आणि त्यांनी ते कसे ठरविले याचा पुरावा या एका कागदावर सुरक्षित आहे.

हॉगार्थांच्या घरची स्थिती या ठिकाणी लक्षात घेतली पाहिजे. विल्यमचा जन्म १० नोव्हेंबर १६९७ रोजी स्मिथफील्डजवळील बार्थोलोम्यू क्लोज येथे झाला. मेरी १६९९ सालची व अ‍ॅन १७०१ सालची. वडील रिचर्ड हॉगार्थ हे लॅटिनचे शिक्षक. शिकवणीवर भागेना म्हणून त्यांनी सेंट जॉन्स गेट येथे कॉफीगृह काढले, आणि तेथे येणाऱ्या सद्गृहस्थांनी लॅटिनमध्ये संभाषण करावे अशी योजना केली. कॉफी पिण्यास येणाऱ्याला लॅटिन बोलावयास लावणारा हा व्यवहार बुडाला यात नवल नाही. कर्जापायी रिचर्डवर फ्लीट तुरुंगाची पाळी आली, आणि मुलांची कोवळी वर्षे त्या तुरुंगाच्या छायेत गेली. १७१२ साली त्याची सुटका झाली. त्याने सिद्ध केलेला लॅटिन कोश प्रकाशकांच्या आश्वासनांवर विसंबून तसाच पडून राहिला, आणि १७१८ साली तो वारला. विद्वत्तेवर व आश्रयदात्यांच्या शब्दावर पोट भरत नाही हा धडा विल्यमने पुढे आपल्या टिपणांत कडवटपणे नोंदविला आहे. बहिणींनी काय नोंदविले ते त्यांच्या धंद्यावरून समजावे लागते. त्यांनी दुकान काढले.

दुकानाची जागा विचारपूर्वक निवडलेली दिसते. लाँग वॉक, क्लॉइस्टर्स व लिटल ब्रिटन हा सारा परिसर सेंट बार्थोलोम्यूचे रुग्णालय आणि क्राइस्ट्स हॉस्पिटल ही धर्मादाय शाळा यांच्या सान्निध्यातला. सोळाव्या शतकाच्या मध्यावर स्थापन झालेल्या या शाळेतील मुले लांब निळा अंगरखा व पिवळे पायमोजे घालीत, आणि त्यावरून त्यांना ‘ब्लूकोट’ म्हणत. त्यांच्या विजारींचा कार्डावर जो उल्लेख आहे त्याचा अर्थ यावरून उलगडतो : शेजारच्या शाळेचे गिऱ्हाईक हातचे जाऊ द्यावयाचे नाही. फॅशनेबल वस्त्रांच्या जाहिरातीत अनाथ व गरीब मुलांच्या विजारींना जागा देणे एखाद्या मानी दुकानदाराला शोभले नसते. हॉगार्थ भगिनींना त्यात काही विसंगत वाटले नाही.

आता कार्ड काढण्याचे तात्कालिक कारण पाहू. ते स्थलांतराचे होते. त्या काळी लंडनच्या घरांना क्रमांक नव्हते. दुकानावर टांगलेली पाटी हाच त्याचा पत्ता. सोनेरी देवदूत, तीन मुकुट, निळे डुक्कर अशी चित्रे रंगविलेल्या जड पाट्या लोखंडी दांड्यांवर रस्त्यावर पुढे आलेल्या असत आणि वाऱ्याने कुरकुरत. १७१८ साली फ्लीट स्ट्रीटनजीकच्या ब्राइड लेनमध्ये अशी एक पाटी कोसळून चार माणसे दगावल्याची हकीकत सांगतात. पाटीवरील चित्राचा आतल्या धंद्याशी संबंध असेलच असे नव्हते. अ‍ॅडिसनने ‘स्पेक्टेटर’च्या २८ व्या अंकात, १७११ साली, याच गोष्टीची थट्टा केली होती. ही विसंगती का उद्भवली याचे उत्तर व्यवहारात आहे. पाटी बहुधा इमारतीची असे, दुकानदाराची नसे. जुना भाडेकरू गेला व नवा आला तरी पाटी तीच राही, कारण साऱ्या वस्तीला ती जागा त्याच नावाने ठाऊक असे. नव्याने येणाऱ्याने ते नाव पत्करावयाचे.

मेरी व अ‍ॅन यांनी ‘किंग्ज आर्म्स’ येथे बिऱ्हाड हलविले तेव्हा त्यांच्या वाट्यास हेच आले असावे. राजचिन्ह ही त्या शहरातील अतिपरिचित पाटी. खानावळींपासून औषधविक्यांपर्यंत कोणाच्याही दारावर ती आढळे. तिच्यात फ्रॉक नाही, सुई नाही, कात्री नाही. उलट जे दुकान त्या सोडून आल्या ते केवळ ‘जुने फ्रॉकचे दुकान’ म्हणून प्रसिद्ध होते. तेथे मालच पाटीचे काम करीत असे. कार्डाच्या मजकुरात जुन्या ठिकाणाचे वर्णन आधी आणि सविस्तर आले आहे ते याचमुळे. नव्या जागेचे नाव कोणीही वाचू शकला असता. जुन्या जागेची आठवण मात्र जपून बरोबर न्यावयाची होती. म्हणून सर्वांच्या आधी दोघींची नावे, मग जुने स्थान, मग नवे. राजचिन्ह हे कार्डावरील सर्वांत दिमाखदार चित्र खरे, परंतु दुकानाची खरी खूण ते नव्हे. ती खूण म्हणजे ‘मेरी व अ‍ॅन हॉगार्थ’ ही अक्षरे. पाटी भिंतीवरून काढून नेता येत नव्हती. नाव नेता येत होते, आणि कागदावर छापले की ते गिऱ्हाइकाच्या खिशातही जात होते. स्त्री विवाहित असती तर कायद्याने तिच्या धंद्यावर नवऱ्याची सत्ता आली असती. या दोघी अविवाहित असल्यामुळे ती नावे निर्वेधपणे त्यांची होती.

अशा कार्डाची घडण कशी होई हे जाणून घेणे उपयुक्त ठरेल. विल्यम हॉगार्थ १७१४ पासून एलिस गँबल नामक चांदीवर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करीत होता. गँबलचे दुकान क्रॅनबोर्न स्ट्रीटवर ‘सोनेरी देवदूत’ या पाटीखाली होते. चांदीच्या ताटावाट्यांवर सरदार घराण्यांची चिन्हे कोरणे हे तेथले नित्याचे काम, आणि विल्यमला त्याचा लवकरच कंटाळा आला. पुढे त्याने स्वतंत्र धंदा मांडला तेव्हा पहिले काम केले ते स्वतःचे कार्ड कोरण्याचे. त्यावर २३ एप्रिल १७२० ही तारीख आहे. वेलबुट्टी, मानवाकृती आणि मधोमध कोरणाऱ्याचे नाव, अशी त्याची रचना. हे कार्ड त्या तरुणाचे प्रमाणपत्रच म्हणावे लागेल, कारण जो माल तो विकणार होता त्याचा नमुना कार्ड स्वतःच होते. कपडे विकणाऱ्याला ही सोय नसते. त्याला आपला माल शब्दांत आणि चित्रांत उतरवावा लागतो.

तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी सळीने रेषा कोरावयाची, शाई भरून पृष्ठभाग पुसून काढावयाचा आणि ओलसर कागद वर ठेवून पत्रा रुळांच्या यंत्रातून दाबून काढावयाचा, अशी ही कृती. अक्षरे पत्र्यावर उलटी कोरावी लागत. एखादे अक्षर विसरले तर ते वर बारीक करून घुसडावे लागे. हॉगार्थ भगिनींच्या कार्डावर शब्दांचे संक्षेपही आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला या संदर्भात मिरजेच्या गीतेचे स्मरण व्हावे. १८०५ साली पटवर्धनांच्या आश्रयाने तेथे भगवद्गीता छापली गेली ती अशाच तांब्याच्या पत्र्यांवरून. तेथे धर्मग्रंथासाठी जे परिश्रम झाले तेच लंडनमध्ये विजारी खपविण्यासाठी पाऊण शतक आधी होत होते, ही तुलना कोणास अप्रस्तुत वाटेल, पण कारागिराच्या मनगटाला दोन्ही कामे सारखीच होती.

‘कार्ड’ हा शब्दही थोडा फसवा आहे. ही कार्डे जाड पुठ्ठ्याची नसून बहुधा साध्या कागदाची असत, आणि आकाराने आजच्या कार्डापेक्षा पुष्कळ मोठी. त्यांच्या पाठीवर दुकानदार हिशेब मांडून देई. त्यामुळे पुष्कळ कार्डे टिकली ती त्यांच्या सौंदर्यामुळे नव्हे, तर पाठीवरच्या पावतीमुळे घरोघरच्या दप्तरांत ती राहिली म्हणून. एका बाजूस दुकानाची शोभा आणि दुसऱ्या बाजूस गिऱ्हाइकाचे देणे, असा हा दुहेरी दस्तऐवज होता.

मजकुरातील ‘अत्यंत फॅशनेबल’ हे विशेषण मात्र अधिक विचार करावयास लावते. कार्डावरील कापडांची यादी पाहिली तर तीत रेशीम नाही, मखमल नाही, जर नाही. फश्चन म्हणजे सणाचा ताणा व कापसाचा बाणा असलेले टिकाऊ कापड. टिकन म्हणजे गाद्यांच्या खोळींना वापरतात तसे घट्ट विणीचे जाड कापड. हॉलंड हे सणाचे, फ्लॅनेल लोकरीचे, डिमिटी सुती व उठावाच्या रेघांचे. कॅनव्हासचा फ्रॉक कष्टकऱ्यांच्या अंगावर शोभावा असा. मग यात फॅशनेबल ते काय? विशेषण पोकळ आहे असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे, परंतु ते बरोबर होणार नाही. फ्रॉक या शब्दाने आज लहान मुलींचा झगा डोळ्यांपुढे येतो. त्या काळी तो प्रामुख्याने पुरुषांचा सैल, सपाट कॉलरचा अंगरखा होता. मूळचा तो कामकरी वर्गाचा. परंतु १७३० च्या आगेमागे इंग्रज सद्गृहस्थ शिकारीला, घोडदौडीला व खेड्यात राहताना तो वापरू लागले, आणि थोड्याच काळात तो शहरातही शिष्टसंमत झाला. म्हणजे ही फॅशन वरून खाली झिरपलेली नव्हती, खालून वर चढलेली होती. ती चढत असतानाच्या नेमक्या वेळी हे कार्ड छापले गेले. एकाच फळीवर हमालाचा कॅनव्हासचा फ्रॉक आणि तशाच बेताचा सद्गृहस्थाचा फ्रॉक ठेवणाऱ्या दुकानदारणींना हा बदल दरबारी शिंप्यांच्याही आधी जाणवला असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

‘तयार’ हा शब्दही दुर्लक्षून चालणार नाही. मापे घेऊन कपडा शिवणे हीच तेव्हाची प्रतिष्ठित रीत. तयार कपडे विकत ते खलाशांना व मजुरांना माल पुरविणारे दुकानदार, आणि त्यांना फारसा मान नसे. ‘तयार’ व ‘फॅशनेबल’ हे दोन शब्द शेजारी शेजारी बसविण्यात धाडस आहे. आज ते जाणवत नाही, कारण आज ते दोन्ही शब्द एकत्रच नांदतात.

यादीत जे नाही त्याचाही विचार केला पाहिजे. छापील सुती कापड तीत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गुजरात, कोरोमंडल व बंगाल येथील चिटांनी लंडन वेडावून गेले होते. इंग्रजीतील चीटवाचक शब्द आपल्याच ‘चीट’ या शब्दाचा अवतार आहे. लोकर व रेशीम विणणारे इंग्रज कोष्टी त्यामुळे हवालदिल झाले. १७०० सालच्या कायद्याने हिंदुस्थान, इराण व चीन येथील छापील व रंगीत सुती कापडाची देशातील वापरासाठी आयात बंद केली. पांढरे कापड आणून ते लंडनमध्येच छापण्याचा मार्ग तेवढा उरला, आणि तो धंदा भरभराटला. १७१९ साली कोष्ट्यांचे दंगे झाले. रस्त्याने जाणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरील चिटाचे कपडे फाडण्यापर्यंत त्यांची मजल गेली. अखेर १७२१ साली छापील सुती कापड वापरणेच गुन्हा ठरविणारा कायदा संमत झाला. नेसणाऱ्याला पाच पौंड व विकणाऱ्याला वीस पौंड दंड. मलमल, फश्चन व संपूर्ण निळे सुती कापड यांना त्यातून सूट होती.

या सवलतींच्या प्रकाशात कार्डाकडे पुन्हा पाहिले म्हणजे रंगांच्या निवडीचा अर्थ लागतो. पांढरा, निळा आणि विणीतच उमटलेले पट्टे. छपाईचा मागमूस नाही. पुरुषांच्या व मुलांच्या कपड्यांत चिटाचा वापर मुळातच कमी असल्यामुळे हा सर्व कायद्याचाच परिणाम असे म्हणणे अतिव्याप्त होईल. परंतु ज्या वर्षांत वीस पौंडांच्या दंडाची टांगती तलवार साऱ्या कापडविक्यांवर होती, त्या वर्षांत कापडाची नावे एकेक करून छापण्यात शिस्त आणि सावधगिरी दोन्ही दिसतात. दुकानात कायदेशीर मालच आहे, हे गिऱ्हाइकाला आणि पोटापाण्यासाठी खबरा देत हिंडणाऱ्यालाही वाचता येत होते.

जो माल या दुकानात येऊ शकत नव्हता, त्याच्या गाठोड्यांवर दुसरीच एक खूण उमटत होती. ईस्ट इंडिया कंपनीची ती गाठोड्यांची खूण : हृदयाची आकृती, तिचे भाग पाडून त्यांत कंपनीच्या नावाची आद्याक्षरे, आणि वर इंग्रजी चाराच्या अंकासारखे चिन्ह. गोदीतल्या हमालाला वाचता आले नाही तरी माल कोणाचा हे तिच्यावरून ओळखता येई. पुढे हीच खूण कंपनीने नाण्यांवर घातली. मुंबई इलाख्यासाठी १७९१ साली इंग्लंडमध्ये पाडलेल्या तांब्याच्या पैशावर एका बाजूस ही खूण व दुसऱ्या बाजूस तराजू आहे. व्यापाराची निशाणी राज्याची निशाणी कशी झाली, हे त्या पैशावर स्पष्ट वाचता येते. लिटल ब्रिटनमधील दुकानात उलटा प्रकार होता : तेथे राज्याची निशाणी विजारींच्या व्यापारावर टांगली होती, आणि तिचे कोणालाच काही वाटत नव्हते.

भावाने या गोष्टीपासून काही बोध घेतला होता असे मानावयास जागा आहे. १७३३ साली विल्यम लेस्टर फील्ड्स येथे राहावयास गेला, तेव्हा दुसऱ्याची पाटी त्याने पत्करली नाही. बुचाचे तुकडे जोडून त्याने चित्रकार व्हॅन डाइकचे मस्तक स्वतः घडविले, त्यावर सोनेरी मुलामा दिला आणि ते दारावर बसविले. ‘गोल्डन हेड’ हे त्याच्या घराचे नाव तेव्हापासून रूढ झाले. चित्रकाराच्या दारावर चित्रकाराचे मस्तक. अ‍ॅडिसनची तक्रार येथे लागू पडली नसती. १७३५ साली त्याच्या खटपटीमुळे कोरीव चित्रांच्या हक्कांचा कायदा झाला आणि चित्रांच्या नकलांना चौदा वर्षांचा पायबंद बसला. दुकानांच्या पाट्यांविषयीचा त्याचा जिव्हाळा अखेरपर्यंत टिकला. १७५१ सालच्या ‘बिअर स्ट्रीट’ या चित्रात फाटक्या कपड्यांतला पाटीरंगारी आपल्याच कामाकडे कौतुकाने पाहत उभा आहे. एप्रिल १७६२ मध्ये बॉनेल थॉर्नटनने बो स्ट्रीटवर पाट्यांचेच थट्टेखोर प्रदर्शन भरविले, त्यातही वृद्ध हॉगार्थचा हात होता. योगायोग असा की, त्याच वर्षी वेस्टमिन्स्टरमधील रस्त्यांच्या सुधारणेचा कायदा झाला. टांगत्या पाट्या उतरू लागल्या आणि त्या दशकात घरांना क्रमांक मिळत गेले.

मेरी हा बदल पाहावयास नव्हती. ती १७४१ साली वारली, आणि त्यानंतर अ‍ॅन भावाच्या घरी राहू लागली. छापांच्या विक्रीच्या कामात तिचे साहाय्य असे. दुकानदारीचा अनुभव वाया गेला नाही. विल्यम १७६४ साली निवर्तला. मृत्युपत्रान्वये त्याचे कोरलेले तांब्याचे पत्रे पत्नी जेनकडे गेले, आणि त्यांवरून काढलेल्या छापांच्या उत्पन्नातून अ‍ॅनला दरसाल ८० पौंड देण्याची व्यवस्था झाली. अ‍ॅन १७७१ साली वारली. चिझिक येथील भावाच्या थडग्यावर तिचेही नाव आहे. छापील सुती कापडावरील बंदी तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७७४ साली उठली.